पोपटाची प्रतीकयोजना

बारावीच्या मराठीच्या पुस्तकात जुन्या, नावाजलेल्या कथांचा एक विभाग होता आणि त्यातली शेवटची कथा जेमतेम चार पानांची होती. तिला रीतसर नाव होतं, पण वर्गात ते कुणी घेत नसे, सगळे तिला पोपटाची कथा म्हणत. एक नवी सून माहेराहून पोपट आणते, पदराखाली झाकून. सासरी तो एका कोपऱ्यात ठेवते आणि येता-जाता त्याच्याकडे बघते. एक दिवस ती पाण्याला गेलेली असताना सासू पोपट शिजवते. घरातले सगळे पोटभर जेवतात, सून जेवत नाही. शेवटचं वाक्य होतं, ‘त्या साली तिची बांधी तशीच राहिली.’ एवढीच कथा. तिच्यामुळे माझं लग्न पाच वर्षं पुढे गेलं आणि तिच्यामुळेच मी माझ्या मायशी जन्मभर एका शब्दापुरती खोटी वागले, म्हणून तिला इथे वेगळं प्रकरण देते आहे.

आमचं गाव सालेकशाकडच्या जंगलाला लागून. घरामागे सांदवाडी, म्हणजे परसातली भाजीची जागा, तिच्या पलीकडे आमच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, आणि बांध्यांच्या पलीकडून रेल्वेची लाइन. मालगाडी गेली की फळीवरचे पितळी गडवे किणकिणत आणि माय चुलीपुढे बसूनच एक हात वर करून त्यांना धरून ठेवी. चार बहिणींत मी धाकटी. तिघींची लग्नं होऊन गेली होती, त्यामुळे घरात बाबूजी, माय, मी आणि दोन म्हशी असे आम्ही होतो, आणि त्यात बोलणाऱ्या फक्त म्हशी होत्या. बाबूजी दिवसाला मोजून पंधरा-वीस वाक्यं बोलत, त्यातली निम्मी बैलांशी. जेवणात दोन्ही वेळा भात, लाखोरीची डाळ, जवसाची चटणी, आणि हिवाळा लागला की पोपट. पोपट वांग्यात, पोपट बटाट्यात, नुसता पोपट, वाळवलेला पोपट भिजवून. आमच्याकडे पोपट ही शेंग आहे. धान कापून झाल्यावर बांधीत ओल असते, तिच्यात पोपट पेरतात. उडतो त्याला गावात मिठ्ठू म्हणत. पोपट नावाचा पक्षी आम्हाला भेटला तो शाळेत, अंकलिपीच्या पानावर, आणि तो तिथेच राहत असे. घरचा पोपट ताटात आणि शाळेतला पोपट पाटीवर, अशी आमची विभागणी झालेली होती आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

मराठीला आम्हाला एक सर होते, पुण्याकडचे. आमच्या भागात बदली ही त्या काळी शिक्षा समजली जाई, पण हे सर स्वतः मागून आले होते, त्यामुळे गावाला त्यांचा थोडा संशय होता. माणूस चांगला. खडूने फळ्यावर दोन उभ्या रेघा ओढत आणि तीन खण करत: आशय, पात्र, प्रतीक. कुठलीही कथा आली की ती त्या तीन खणांत गेली पाहिजे. पोपटाच्या कथेला त्यांनी चार तास दिले. पोपट म्हणजे सुनेच्या दबलेल्या इच्छा. हिरवा रंग म्हणजे माहेर. पदराखाली झाकणं म्हणजे गुप्तता. सासूने तो शिजवणं हा मराठी कथेतला अत्यंत भेदक क्षण. आणि ‘बांधी’ म्हणजे बांधली गेलेली, ती तशीच राहिली, म्हणजे बंधन कायम राहिलं. गोंदियाहून आणलेल्या गाईडातही हेच होतं, फक्त ‘भेदक’च्या जागी ‘विदारक’ होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने उठून विचारलं, की सर, सासूने पिसं आधी काढली असतील का. सर म्हणाले, लेखकाने ते वाचकाच्या कल्पनेवर सोडलं आहे.

आता कुणीही विचारील, की वर्गात तीस-पस्तीस पोरं, सगळी धानाच्या घरची, निम्म्यांच्या डब्यात त्याच दिवशी पोपटाची भाजी, आणि सगळी रोज बांधीच्या धुऱ्यावरून चालत ज्युनिअर कॉलेजला येणारी. मग कुणीच कसं बोललं नाही. मी माझ्यापुरतं सांगते. कथा मी आधी घरी वाचली होती आणि तेव्हा मला शेंगच दिसली होती. वर्गात सर ‘हा मुका पक्षी’ असं म्हणाले आणि मला माझीच लाज वाटली. छापलेल्या पुस्तकात आपल्या घरची भाजी कशाला येईल. आपली बांधी कशाला येईल. पुस्तकातले शब्द पुस्तकातलेच असणार, आपल्याकडे तेच शब्द आहेत हा आपला गावंढळपणा. बाकीच्यांनाही हेच वाटलं असणार, कारण डबा खाताना आम्ही सगळे एकमेकांच्या डब्यांकडे न बघता खात होतो. लेखक आमच्याच झाडीपट्टीतला होता हे मला फार पुढे कळलं. पुस्तकात ते छापलेलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मला प्रतीकं दिसायला लागली. मालगाडी म्हणजे नियती. बाबूजींची काडी मोडलेली छत्री म्हणजे पितृसत्ता. दावं तोडणारी म्हैस म्हणजे बंडखोर स्त्री, फक्त ती संध्याकाळी स्वतःहून परत येई हे खणात बसत नव्हतं. मी मायला हे समजावून सांगत असे. एकदा तिला विचारलं, की सांग, आपली कोंबडी कशाचं प्रतीक आहे. माय म्हणाली, ‘अंड्याचं.’ हसली नाही. मायने आयुष्यात विनोद म्हणून काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

ह्या सगळ्यात माझा जीव टांगलेला होता तो एका बोलण्यावर. आमगावकडच्या एका घरचं स्थळ आलेलं होतं. मुलगा बरा होता, घरी राइस मिल होती, नाव ठेवायला जागा नव्हती. बाबूजींनी त्यांना उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगितलं होतं आणि मला सांगितलं होतं, ‘फस्ट क्लास आला तं गोंद्याले कॉलेजात जाजो. नाही आला तं पाहुण्यायले हो म्हणतो.’ त्या दिवशीच्या पंधरा वाक्यांतली दोन त्यांनी माझ्यावर खर्च केली, त्यामुळे ती बदलणार नव्हती. मला जायचं होतं. कशासाठी ते नीट सांगता आलं नसतं, पण रात्री अंथरुणात ‘गोंद्या’ असं नुसतं पुटपुटलं तरी बरं वाटे. इंग्रजी मला खाली ओढणार हे ठरलेलं होतं. वर काढणारी एकटी मराठी होती.

पौषातल्या एका दुपारी मी आणि माय अंगणात शेंगा सोलत बसलो होतो. मधे सूप, सुपात हिरवे टपोरे दाणे. सराव परीक्षा चार दिवसांवर होती, म्हणून मी सोलता सोलता कथा मोठ्याने म्हणत होते. पाठच झाली होती. सासूने पोपट शिजवला इथे आले तेव्हा मायचे हात थांबले. तिने विचारलं, हे कोणाचं लिहिलेलं आहे. मी म्हटलं, पुस्तकातलं आहे. ती म्हणाली, पुस्तकवाल्याला कोणी सांगितलं. एक मालगाडी गेली. आणि मग तिने, शेंगा सोलत सोलतच, जे सांगितलं ते तिने त्याआधी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ती माहेरी गेली तेव्हा तिच्या मायने तिला पोपटाचं बियाणं दिलं होतं. त्या दाण्याला तांबडा डोळा असे आणि तो लोण्यासारखा शिजे, तसं वाण ह्या बाजूला कुणाकडे नव्हतं. तिने ते पदराला बांधून आणलं आणि मागची लहान बांधी त्यासाठी मागून घेतली. घरात तिचं म्हणून तेवढंच होतं. पेरायला दोन दिवस होते. ती पाण्याला गेली आणि तिकडे घरी पाहुणे आले. ‘सासूनं शिजवलन,’ माय म्हणाली. ‘घरात भाजी नोहोती म्हणे.’ मी विचारलं, की मग तू पुन्हा का नाही आणलंस. ती म्हणाली, ‘त्याच मइन्यात माई माय मेली. मंग मांगू कोणाले?’

मी विचारलं, की मग तूही जेवली नाहीस. मला वाटलं होतं, नसणार. मायने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘जेवली ना. भूक लागली होती. चांगला शिजला होता.’

माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मायने विचारलं, की शेंगेचा चीक गेला का डोळ्यात. मी हो म्हटलं. आज एवढ्या वर्षांनी सांगते, मला तिची दया आली नव्हती, मला राग आला होता, आणि तो आजीचा नव्हता. राग फळ्यावरच्या त्या दोन रेघांचा होता. शिजवलेला पक्षी फार तर एकदा मरतो. शिजवलेलं बियाणं दरवर्षी मरतं, बांधी समोर पडलेली असते आणि तिच्याकडे रोज बघावं लागतं. कथा किती चांगली होती हे मला त्या सुपापुढे कळलं. कथा म्हणजे काय हेही बहुधा तिथेच कळलं. माय एवढंच म्हणाली, ‘परीक्षेत लिहजो हे. असंच लिहजो.’

सराव परीक्षेत प्रश्न आलाच: कथेतील प्रतीकयोजना स्पष्ट करा, गुण दहा. मी अडीच पानं लिहिली. पोपट ही शेंग आहे, बांधी हे शेत आहे, बियाणं खाऊन टाकणं म्हणजे काय असतं, आणि सून जेवली असती तरी कथा तेवढीच दुःखाची झाली असती, असंही लिहून टाकलं. सरांनी दोन गुण दिले आणि लाल शाईत शेरा लिहिला, ‘भाषा चांगली. पण कथेत भाजी कुठे आहे?’ माझा फर्स्ट क्लास पाच गुणांनी हुकला. बाबूजींनी गुणपत्रक उलटसुलट करून पाहिलं, घडी करून खिशात ठेवलं आणि आमगावला निरोप पाठवायची व्यवस्था बघायला लागले. ‘हे खरी परीक्षा नोहोय, बाबूजी,’ मी म्हटलं. ते म्हणाले, ‘पाऊस पडाच्या आंधी आभार येते.’ आभार म्हणजे आभाळ. बाबूजी असं क्वचित बोलत.

त्या आठवड्यात सर सायकलवरून आमच्या घरी आले. वर्गातली पहिली मुलगी अशी वाहवली कशी हे त्यांना बाबूजींना विचारायचं होतं. बाबूजी म्हणाले, आधी जेवा. ओसरीत पाट मांडला, मायने भात आणि वांग्यातला पोपट वाढला. सर जेवता जेवता माझ्याबद्दल बोलत होते. मुलगी हुशार आहे, पण कथेत नाही ते पाहते, शहरातला परीक्षक हे चालवून घेणार नाही. मधेच थांबून त्यांनी भाजी पुन्हा मागून घेतली. म्हणाले, ‘वहिनी, पावटा फार सुरेख झालाय. आमच्याकडे इतका मऊ होत नाही.’

माय दाराआडून म्हणाली, ‘पोपट होय, सर.’

सरांनी विचारलं, काय. मायला वाटलं, सरांना कमी ऐकू येतं. ती दारात आली आणि जरा मोठ्याने म्हणाली, ‘तुमी खाऊन राहिले तो. पोपट.’ आणि मग, माणूस शिकलेला आहे, परगावचा आहे, त्याला नीट कळावं म्हणून तिने सांदवाडीतून एक वेल उपटून आणला आणि त्यांच्या पाटाशेजारी ठेवला. शेंगा लटकत होत्या. बाबूजी म्हणाले, ‘मांगं बांधीत लय आहे. जाताना घेऊन जा.’

आजची पोरं कुणी तोंडघशी पडलं की ‘पोपट झाला’ म्हणतात. तो शब्द तेव्हा आमच्याकडे आलेला नव्हता, पण ओसरीवर जे झालं त्याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. सरांचा घास हातात होता. त्यांनी ताटाकडे पाहिलं, वेलाकडे पाहिलं, मग ओसरीवरून दिसणाऱ्या बांध्यांकडे पाहिलं. माझ्याकडे शेवटी पाहिलं. मग घास खाल्ला. माणूस चांगला होता हे मी आधी लिहिलंच आहे. त्यांनी ताट पूर्ण केलं, हात धुतले, आणि मला सायकलपर्यंत यायला सांगितलं. तिथे ते म्हणाले, ‘तुझं बरोबर आहे. मी आठ वर्षं चूक शिकवतोय.’ मग ते सायकलच्या घंटीकडे बघत म्हणाले, ‘पण बोर्डात पक्षीच लिही. तुझा पेपर तपासणारा तुमच्याकडे जेवून गेलेला नसेल.’ माय मागे दारातच उभी होती, पण सर तिच्या बाजूने पाठमोरे होते आणि तेवढ्यात गाडी गेली, त्यामुळे तिला काही ऐकू गेलं नाही. पुढे त्या सरांनी निवृत्त होईपर्यंत वर्गात शेंगच शिकवली, आणि तास संपताना सांगत, की लेखी परीक्षेत मात्र पक्षी.

मार्चात बोर्डाच्या पेपरात तो प्रश्न आला. मी पाच मिनिटं पेन उचललं नाही. समोरच्या खिडकीतून मोहाचं झाड दिसत होतं आणि खाली दोन बाया फुलं वेचत होत्या. मायने सांगितलेलं मला अक्षरन्‌अक्षर आठवत होतं, आणि आमगावची राइस मिलही आठवत होती. मग मी पक्षी लिहिला. चार पानं लिहिला. त्याला पंख दिले, कथेत नसलेला पिंजरा दिला, हिरव्या रंगावर अर्धं पान घातलं, मुक्या चोचीवर अर्धं, आणि शेवटी त्याला शिजवलं आणि ‘विदारक’ हा शब्द दोनदा वापरला. बांधीला बंधनात टाकलं. इतकं चांगलं उत्तर मी नंतर एम.ए.लासुद्धा लिहिलेलं नाही. लिहिताना मला मजाही येत होती, आणि ह्या सगळ्यात मला लाज वाटते ती मुख्यतः त्या मजेची.

परत आले तेव्हा माय रेल्वेच्या फाटकापाशी उभी होती. ती कधी कुणाला घ्यायला फाटकापर्यंत येत नसे. तिने विचारलं, ‘आला होता का तो सवाल?’ मी म्हटलं, आला होता. ती म्हणाली, ‘मंग काय लिहलं?’

मी म्हटलं, ‘पोपट.’

‘बराबर,’ माय म्हणाली, आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन पुढे चालायला लागली.

निकाल रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत लागला. फर्स्ट क्लास आला, तीन गुण वर. मराठीत मी कॉलेजात पहिली होते. बाबूजींनी आमगावला नकार पाठवला आणि गोंदियाची गाडी किती वाजता असते ते विचारून आले. दुसऱ्या दिवशी बोअरिंगवर पाण्याला गेले तर माय तिथे जमलेल्या बायांना सांगत होती, ‘माया सासूनं माया पोपट शिजवलन, ते इनं परीक्षेत लिहलन. सरकारनं वाचलन, अन नंबर देलन.’ बाया ऐकत होत्या. एकीने विचारलं, सासूचं नाव पण लिहिलं का. माय म्हणाली, नाव नाही लिहिलं, घरची अब्रू आहे. एवढ्या वर्षांनी कुणीतरी वर बसलेल्याने तिचं ऐकून तिच्या बाजूने निकाल दिला होता. मी हंडा भरत होते. तो भरून वाहायला लागला तरी मी हापसत राहिले, हे कुणीतरी मला सांगितलं तेव्हा कळलं.

गोंदियात मी पुढे तीस वर्षं मराठी शिकवली. फळ्यावर रेघा ओढल्या नाहीत. ती कथा अभ्यासक्रमातून केव्हाच गेली, पण मी ती दरवर्षी वर्गात वाचून दाखवत असे, आणि निम्मी मुलं, घरी हिंदी बोलणारी, हिंदीत हसत. मायला खरं सांगायचं मी दर दिवाळीला ठरवत होते. सांगितलं नाही. सुरुवातीला भीती वाटे, मग ती इतक्या जणांना सांगून बसली होती, की खोटं माझं एकटीचं राहिलं नव्हतं.

शेवटच्या आजारात तिला गोंदियाच्या दवाखान्यात ठेवलं होतं. नर्स चादर बदलत होती आणि माय तिला, जसं घरी आलेल्या प्रत्येकाला सांगे तसं, माझ्याकडे हात करून सांगत होती, की इनं माया पोपटाचं सरकारले लिहून देलन. नर्स बालाघाटकडची, हिंदी बोलणारी. ती हसून म्हणाली, ‘अच्छा आजी? उड गया था क्या पोपट?’

‘नाही व बाई,’ माय म्हणाली. ‘शिजवलन.’

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी चादरीचं दुसरं टोक धरलं.